किमान सेवेचा हिशेब : गावच्या पाण्याचा एक पाठ

ग्रामपंचायतीची कामे मुलांकडून पाठ करून घेतली जातात. परंतु त्यांपैकी एखाद्या कामास वर्षाकाठी किती खर्च येतो, हा प्रश्न गणिताच्या तासालाही क्वचितच निघतो. सातवीच्या वर्गास पिण्याच्या पाण्यावरून तो चांगला शिकविता येईल.

प्रथम ‘किमान मान’ म्हणजे काय, ते स्पष्ट करावे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागाकरिता माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान ठरविले. हे मान सरासरीचे नव्हे. टाकीजवळच्या वस्तीस माणशी ८० लिटर व तितक्याच लोकसंख्येच्या टोकाच्या वाडीस ३० लिटर मिळाले, तर सरासरी ५५ येते; पण वाडीपर्यंत सेवा पोहोचलेली नसते. उरलेल्या पाण्यासाठी हंडा घेऊन गेलेली मुलगी पहिल्या तासास गैरहजर असते. हजेरीपट शिक्षकांच्या हाती असल्याने ही गोष्ट त्यांच्या ध्यानी सर्वांआधी येते.

आता हिशेब. १,२०० वस्तीच्या गावास रोज ६६,००० लिटर पाणी घरोघर पोहोचावे लागेल. वाटेत चौथा हिस्सा गळत असेल, तर किती उपसावे? पुष्कळ मुले ६६,००० चा चतुर्थांश त्यात मिळवून ८२,५०० सांगतील. गळती उपसलेल्या पाण्याची आहे, पोहोचलेल्या पाण्याची नव्हे. म्हणून उत्तर ८८,००० लिटर. ही चूक फळ्यावर सावकाश सोडवून दाखवावी. अंदाजपत्रकातही ती होऊ शकते.

हजार लिटरला ५ ग्रॅम टी.सी.एल. पावडर धरल्यास रोज ४४० ग्रॅम, म्हणजे ३० दिवसांस १३.२ किलो लागेल. पाणी ३० मीटर उंच चढवावयाचे असून पंप व मोटार मिळून कार्यक्षमता शेकडा ४० असेल, तर रोज सुमारे १८ युनिट वीज जळेल. गळती नसती, तर साडेतेरा युनिटांत भागले असते. दर चालू बिलावरून घ्यावा.

यात पाणी सोडणाऱ्याचे वेतन, दुरुस्ती व पंप जुना झाल्यावर नवा घेण्याची तरतूद मिळवावी. पंप दहा वर्षे टिकेल असे धरल्यास किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी बाजूस ठेवावा लागतो. नेमकी हीच रक्कम बहुधा विसरली जाते. मग मोटार जळाली की ती भरून आणण्यास पैसे नसतात आणि टाकी कोरडी राहते. शाळेतील स्वच्छतागृहाचेही तसेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली. बांधकाम एकदाच होते, पण पाणी व सफाई रोज लागते. तो खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या आराखड्यात नसेल, तर दारास कुलूप लागते व मोठ्या मुली दुपारीच घरी जातात.

घरच्या अभ्यासास एक मोजणी द्यावी. नळाखाली २० लिटरची बादली किती मिनिटांत भरते आणि पाणी किती वेळ येते, हे मुलांनी सात दिवस नोंदवावे. टोकाच्या घरी बादलीस ४ मिनिटे लागत असून पाणी ४५ मिनिटे येत असेल, तर २२५ लिटर मिळाले. घरात पाच माणसे असल्यास २७५ हवे होते. तूट ५० लिटरची. अशा दहा-बारा घरांच्या नोंदी वस्तीवार मांडून तो कागद पुढील ग्रामसभेपूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्यावा.