केशरोपण : पन्नाशीत कसे दिसेल, तेही पाहा

गेल्या महिन्यात तेवीस वर्षांचा एक तरुण आईला घेऊन दवाखान्यात आला. कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागे सरकलेले, टाळूवर थोडी विरळी. "डॉक्टर, दिवाळीनंतर मुली बघायच्या आहेत. त्याआधी पुढचा भाग भरून घेतो," तो म्हणाला. आईने बँकेतली ठेव मोडायची तयारी केली होती.

मी विचारले, "वडिलांचे केस कसे आहेत?" तो गप्प बसला. आई म्हणाली, "ह्यांना तिशीतच टक्कल पडलं. माझ्या भावाचंही तसंच."

वाचकहो, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. पुरुषांचे नेहमीचे टक्कल आनुवंशिक असते व ते आई आणि वडील, दोन्ही घराण्यांकडून येऊ शकते. शरीरातील पुरुषी संप्रेरकामुळे पुढची व टाळूवरची केसांची मुळे हळूहळू बारीक होत जातात. मानेच्या वरचा व कानांमागचा पट्टा मात्र बहुधा शाबूत राहतो. तेथील केस दुसरीकडे लावले तरी आपला गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले. केशरोपणाचा सारा पाया हाच.

परंतु यात नवे केस तयार होत नाहीत. मागचे केस पुढे येतात, इतकेच. मागून काढलेले मूळ तेथे पुन्हा उगवत नाही. म्हणजे मागचा पट्टा हे जन्मभराचे भांडवल आहे आणि ते मर्यादित आहे. लावलेले केस टिकतात. पण त्यांच्या शेजारचे मूळचे केस गळतच राहतात. तेविसाव्या वर्षी सगळे भांडवल कपाळावर खर्च केले, तर चाळिशीत काय होईल? पुढे केसांची झालर आणि मागे मोकळे माळरान!

असे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. चोविसाव्या वर्षी त्यांनी केस अगदी खाली, शाळकरी पोराच्या कपाळासारखे लावून घेतले. आज मधला भाग उघडा पडला आहे, मागे काढण्याजोगे केस उरलेले नाहीत आणि मागची आडवी खूण दिसते म्हणून केस बारीक कापताही येत नाहीत.

म्हणून निर्णयापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) आधी निदान करून घ्यावे. टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतरची केसगळती बहुधा आपोआप भरून येते. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय किंवा चाई असेल तर त्यावर वेगळे उपचार आहेत.

२) गळती थोपवण्याचा प्रयत्न करावा. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचे व फिनास्टेराइड पोटात घ्यायचे औषध आहे. दोन्हींचा गुण दिसायला कित्येक महिने लागतात व औषध बंद केले की फायदा ओसरतो. फिनास्टेराइडने काहींना कामेच्छा कमी होणे, मन उदास होणे असे त्रास होतात. ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. रोपणानंतरही औषधे बहुधा चालू ठेवावी लागतात. त्याचाही खर्च हिशेबात धरावा.

३) घाई करू नये. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक गळून पडतात. तीन-चार महिन्यांनी ते उगवू लागतात. खरा परिणाम दिसायला सुमारे वर्ष लागते. लग्नाच्या तारखेवर नजर ठेवून ही शस्त्रक्रिया करू नये.

४) शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, हे विचारावे. हे काम प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावे, व्हिडिओ पाहून ते शिकता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार वा चालू औषधे लपवू नयेत.

५) "पुढे आणखी केस गेले तर मागे किती शिल्लक राहतील?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. उत्तर टाळले गेले, तर उठून यावे.

त्या तरुणाची तपासणी करून मी औषध सुरू केले. दर सहा महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच बाजूंनी फोटो काढायला सांगितले. गळतीचा वेग कळल्यावर दोन-तीन वर्षांनी रोपणाचा विचार करता येईल. ठेव तूर्त मोडू नका, असे आईला सांगितले.

जाताना माउलीने विचारले, "पण मुलीकडच्यांना काय सांगायचं?"

मी म्हटले, "काही सांगू नका. फोटो द्याल तो मात्र आत्ताचाच द्या."