थ्री-नॉट-थ्री हातात घेण्याआधी

आमच्या मोहगावात लग्नाच्या पंगतीत फौजेचा विषय निघाला की एखादा म्हातारा हमखास थ्री-नॉट-थ्री रायफलीचं नाव काढतो. तिनं तो मान कमावलेलाच आहे. दोन्ही महायुद्धांत ती होती, 1962 मध्ये चीनसमोर आपल्या जवानांच्या हाती तीच होती, आणि त्यानंतर कितीतरी दशकं ती पोलिसांच्या खांद्यावर राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला रीतसर निरोप दिला तो थेट 2020 च्या प्रजासत्ताक दिनी.

इंग्लंडात बिस्लीला आणि अमेरिकेत कॅम्प पेरीला अशा जुन्या लष्करी रायफलींच्या खास स्पर्धा भरतात. आपल्याकडं तो शौक सामान्य माणसाला करता येत नाही, कारण .303 हा बोअर कायद्यानं प्रतिबंधित आहे. शेतकऱ्याच्या परवान्यावर .315 दिसते ती त्याचमुळं. आमच्या भागातल्या पोरांना खरी लष्करी रायफल हातात मिळाली ती एनसीसीत. ऐंशीच्या दशकात सौंसर-पांढुर्ण्याकडची आम्ही बरीच मुलं हिवाळी कॅम्पला गेलो होतो. शेवटच्या दिवशी कंपन्या-कंपन्यांत फायरिंगची स्पर्धा होती. अंतर शंभर यार्ड, लेटून. त्या दिवसाचं माझं टार्गेट चांगलं होतं, ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं रडगाणं वाटणार नाही. पुढं मास्तर झालो, कॅडेटांची पथकं घेऊन रेंजवर जात राहिलो आणि त्या एका दिवसानं शिकवलेलं पोरांना सांगत राहिलो. आता अग्निवीर व्हायला निघालेली मुलं आणि त्यांचे बाप विचारायला घरी येतात, म्हणून लिहून ठेवतो आहे.

पहिली गोष्ट कोतातच, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीतच, बघायची. रायफल हाती आली की मुलं वजनाचंच कौतुक करतात. चार किलोच्या आसपास भरते ती. वजन राहू द्या, तिच्या अंगावरचे शिक्के वाचा. माझी रायफल ईशापूरच्या कारखान्यातली होती, मानेवर मुकुट आणि खाली 1943. तिथंच कुठं 'डीपी' अशी अक्षरं दिसली तर ती फक्त कवायतीची रायफल. तिच्या नळीला चेंबरपाशी मुद्दाम भोक पाडलेलं असतं. तिच्यात काडतूस भरणं म्हणजे स्वतःच्या तोंडाशी स्फोट करून घेणं. कवायतीच्या आणि फायरिंगच्या रायफली एकाच कोतात असतात आणि चुकून एकत्र बाहेर येऊ शकतात. दुसरं, बोल्टवरचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. साफसफाईला सगळे बोल्ट एकाच घोंगडीवर काढून ठेवतात आणि परत घालताना अदलाबदल होते. बोल्ट बसतो, फिरतो, सगळं ठीक वाटतं. पण बोल्टच्या तोंडाची आणि चेंबरची जुळणी केसाइतकी जरी बिघडली तरी पुंगळी आतच फाटू शकते. नंबर जुळत नसेल तर रायफल परत करा. शिकवणारा उस्ताद चिडला तर चिडू द्या.

भरण्यातही एक खोच आहे. या काडतुसाच्या बुडाला कडा असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढं बसली पाहिजे. मागं बसली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढं सरकत नाही. घड्याळ लावलेल्या स्पर्धेत असं झालं की पोरं बोल्टवर मूठ मारायला लागतात. तसं करू नका. मॅगझिन काढा, काडतुसं नीट लावा. गेले चार गुण तर गेले.

आता त्या दिवसाची गोष्ट. माझ्या उजवीकडच्या लेनवर पांढुर्ण्याकडचा एक मुलगा होता. अंगानं दणकट, गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेत, जाम नदीच्या पात्रात उतरणाऱ्यांपैकी. भीती म्हणून नाही. त्यानं चाप ओढला आणि नुसता 'खट्ट' आवाज आला. आम्हाला मिळालेली काही काडतुसं आमच्याहून वयानं मोठी होती. पुंगळीच्या बुडावर सालच कोरलेलं असतं. गोळी सुटली नाही म्हणून त्यानं उस्तादांकडं मान वळवली, आणि त्याच वेळी त्याचा हात बोल्टच्या मुठीकडं गेला. आपल्या घरातली कुठलीही वस्तू अडली की आपण तेच करतो, उघडून बघतो. उस्ताद मागंच उभे होते. त्यांनी खाली झुकून त्याचं मनगट जमिनीवर दाबलं. "हाथ मत लगा! नली सामने!" एवढं बोलेपर्यंत रायफल सुटली. गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली. मुलगा काही वेळ उठलाच नाही. मग उस्तादांनीच त्याला पाणी दिलं.

दारू ओली-जुनी असली किंवा ठिणगी पाडणारी टोपी अशक्त असली की ठिणगी आत रेंगाळते. तेवढ्यात बोल्ट उघडला तर पुंगळीला मागून आधार राहत नाही आणि पितळेचे तुकडे आणि तापलेला वायू तोंडावर येतात. म्हणून 'खट्ट' झालं की नळी टार्गेटकडंच ठेवायची, डावा हात वर करायचा आणि निदान तीस सेकंद थांबायचं. पुढचं उस्ताद करतील. याच्या उलटा प्रकारही असतो. बार होतो पण आवाज नेहमीचा नसतो, नुसता 'फुस्स' होतो आणि खांद्याला धक्का बसत नाही. तेव्हा गोळी नळीतच अडकलेली असू शकते. वरून दुसरी झाडली तर नळी फुटते. आवाज बदलला की थांबा, हे कुणाला वेगळं सांगावं लागू नये, पण गुणांच्या नादात सांगावंच लागतं.

हे सगळं डोळ्यांना दिसणारं. माझं जे नुकसान झालं ते त्या दिवशी कुणालाच दिसलं नाही.

त्या काळी कानात काही घालायची पद्धत नव्हती. कुणी फार तर सरकीच्या कापसाचा बोळा घालायचं, आणि त्याची बाकीचे थट्टा करायचे. संध्याकाळी जेवताना माझ्या डाव्या कानात रातकिडा ओरडावा तसा आवाज सुरू झाला. सकाळी कमी होईल म्हणाले सगळे, आणि थोडा झालाही. पण तो पुरता गेला नाही, आजही आहे. उजव्या हातानं नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडं असतो. उजव्या कानाला डोक्याचा आडोसा मिळतो. अशा रायफलीचा धमाका नेम धरणाऱ्याच्या कानापाशी 160 डेसिबलच्या आसपास जातो, आणि 140 च्या वर एक बार जरी झाला तरी कानाच्या आतल्या बारीक केसपेशींना इजा होऊ शकते. त्या पुन्हा उगवत नाहीत. शेजारच्या लेनवरची रायफलही तुमच्या कानाला सोडत नाही, म्हणून आपली पाळी नसताना मागं बसलेल्या मुलांनीही कान झाकायचे.

आधी बारीक, उंच आवाज जातात. वर्गात मागच्या बाकावरून उत्तर आलं तर 'आठ' की 'साठ' ते मला कळेनासं झालं. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं हवेत विरून जातात. बायको म्हणायची, तुम्हाला नको तेवढंच ऐकू येत नाही. आता तीही म्हणत नाही.

मागच्या हिवाळ्यात गावातला एक बाप मुलाला घेऊन आला होता. मी कानाच्या बोळ्यांचं सांगितलं तर हसला. "सर, कानात बोळे घालून लढणारा शिपाई पाह्यला का कधी?" मी म्हटलं, भाऊ, भरतीच्या मेडिकलमध्ये कान तपासतात की नाही ते आधी विचारून या. मग तो गप्प झाला. मुलगा मात्र ऐकत होता.

कापूस काही कामाचा नाही. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, ते घ्या. पण घालायची रीत आहे. बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागं ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता भोकावर टेकवलेला बोळा म्हणजे कापूसच. वरून आवाज अडवणारा कानटोप, म्हणजे इअरमफ, मिळाला तर दोन्ही घाला. आणि फायरिंगनंतर दुसऱ्या दिवशीही कान वाजत असला किंवा दडा बसल्यासारखा वाटत असला तर तेल टाकत बसू नका. सौंसरहून नागपूर काही लांब नाही. कानाच्या डॉक्टरकडं पहिल्या काही दिवसांतच जायचं. महिने गेल्यावर त्यांच्याही हातात फारसं काही उरत नाही.

खांद्याचं फार बोलत नाही. दस्ता खोबणीत घट्ट धरला तर नीळ पडत नाही, सैल धरला तर पडते.

फायरिंग झालं म्हणजे दिवस संपला असं मुलांना वाटतं. जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत राहतो, तो ओल धरतो, आणि तेल कितीही लावलं तरी खालून गंज चढतो. आधी चेंबरच्या बाजूनं उकळतं पाणी ओता, मग पुलथ्रूला, म्हणजे नळी पुसायच्या दोरीला, चिंदी लावून कोरडं करा, मग तेल. आमच्या कॅम्पात स्वयंपाक्याची चहाची किटलीच त्या कामाला होती.

आणि पुंगळ्या. जितके राउंड दिले तितक्या पुंगळ्या मोजून परत घेतात. एक कमी पडली तर सगळी कंपनी अंधारात गवत चाळत बसते. आम्ही बसलो होतो. घरी दाखवायला म्हणून खिशात एखादं काडतूस टाकावं असं प्रत्येक पोराला वाटतं, पण परवान्याशिवाय जिवंत काडतूस जवळ ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते कोनाड्यात शोभेला का ठेवलेलं असेना. आईबापांना एवढंच सांगणं आहे. मुलगा कॅम्पहून आला की कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे बघा. काही निघालं तर विहिरीत, नदीत टाकू नका, चुलीजवळ ठेवू नका. त्याच दिवशी शाळा-कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्याला कळवा.