पाना शेवटी हातात घ्या

जुनी मारुती झेन घरच्या पडवीत उभी करून तिचं इंजिन स्वतः बांधायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना माझं पहिलं सांगणं असं की पान्यांचा सेट नंतर घ्या. आधी एक मायक्रोमीटर घ्या, आणि बोअर गेज ज्याच्याकडे आहे असा एक मित्र जोडून ठेवा. आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात असा मित्र मिळणं कठीण नाही. तारापूर एमआयडीसीत टूलरूमला काम करणारा कोणी ना कोणी प्रत्येकाच्या नात्यात किंवा आळीत असतोच. मी स्वतः तिथल्याच एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पंप, कॉम्प्रेसर उघडणं हा रोजचा धंदा. तरीही मोटारीचं इंजिन म्हटलं की आपण ते डोळे झाकून गॅरेजवर सोपवतो.

माझी झेन १९९८ ची, कार्ब्युरेटरची, एमएच ०४ पासिंगची. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. २०१४ ला वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या कोळगावात बोईसर रोडला मुख्यालय उभं राहिलं, तोवर गाडी जुनी गणली जायला लागली होती. युरोपात १९७६ च्या गोल्फ जीटीआयपासून ‘हॉट हॅच’ म्हणतात त्या जातीची ही गाडी नव्हे. तो मान आपल्याकडे कुर्ल्याला बनलेल्या पालिओ १.६ जीटीएक्सचा. पण ९९३ सीसी, पन्नासेक हॉर्सपॉवर, चार सिलिंडर आणि वजन साडेसातशे किलोच्या आसपास, एवढ्या भांडवलावर झेनने आमच्या पिढीला जो वेग दाखवला तो विसरता येत नाही. १९९३ ला आलेल्या या गाडीचं जी१०बी इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, बोअरमध्ये बिडाचे लायनर. फिरायला आवडणारं इंजिन. सहा हजारांपर्यंत तक्रार न करता जातं.

ते ऑईल प्यायला लागलं तेव्हा मी एका गॅरेजात ‘हाफ इंजिन’ करून घेतलं. होनिंग, नव्या रिंगा, नवे बेअरिंग, हेड ग्राइंडिंग. गाडी घरी आली, आवाज मऊ, धूर बंद. मग मनोर रोडला, मासवणच्या पुढे, आयडलिंगला ऑईलचा दिवा मिचकायला लागला. घरी पोचेपर्यंत खालून टकटक सुरू झाली. ही टकटक ज्याने एकदा ऐकली त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असतं.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, ऑईल हलकं असणार. मी गाडी परत दिली नाही. चेन पुली भाड्याने आणली, पडवीच्या लोखंडी वाशाला लावली आणि इंजिन उतरवून स्वतः उघडलं. बेअरिंगच्या अर्ध्या गोलाचा करडा, मऊ पृष्ठभाग उन्हात तिरका धरला तर त्यात बारीक काळे कण रुतलेले दिसत होते. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या त्याच्या भागावर, नख फिरवलं की रेषा लागत होत्या. ते कण म्हणजे होनिंगच्या दगडाची पूड. बोअर घासताना उडालेली पूड ब्लॉकच्या ऑईलच्या वाटांमध्ये बसून राहिली, इंजिन चालू झालं तशी ऑईलबरोबर फिरली आणि जिथे सगळ्यात कमी जागा तिथे जाऊन बसली. ‘अहो, डिझेलने धुतला होता की ब्लॉक,’ असं मला नंतर सांगितलं गेलं. खोटं नसावं. पण डिझेलने, रॉकेलने होनिंगची पूड निघत नाही. ओशट वाटतं, चकचकीत दिसतं, आणि पूड बोअरच्या रेघांत तशीच बसते.

तिला गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर लागते. मशीन शॉपमधून ब्लॉक आला की आधी ऑईलच्या गल्लीचे सगळे प्लग काढा. हे काम कंटाळवाणं आहे, काही प्लग पिढ्यान्‌पिढ्या बसल्यासारखे बसलेले असतात, आणि म्हणूनच गॅरेजात कोणी काढत नाही. बाटली धुण्याचा लांब ब्रश, रायफलीची नळी साफ करतात तसला बारीक ब्रश, दोन्ही आणा. आम्ही मागच्या अंगणात चुलीवर घंगाळभर पाणी कढवलं. आई बघत उभी होती. म्हणाली, ‘अरे, तुला लहानपणी आंघोळीला एवढं पाणी दिलं नव्हतं.’ मग तिनेच वडिलांचा जुना पांढरा पंचा आणून दिला, आणि खरी परीक्षा त्या पंच्याने झाली. धुतलेल्या बोअरमधून पांढरा कपडा दाबून फिरवायचा. करडा डाग आला की परत धुवायचं. कपडा पांढरा बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही.

यात आपल्या भागाची एक अडचण आहे. इकडे खाऱ्या वाऱ्याची दमट हवा. धुतलेला बिडाचा लायनर डोळ्यांदेखत तांबूस होतो. म्हणून पाणी ओतायच्या आधीच ऑईलचा डबा उघडून ठेवा, कॉम्प्रेसरची हवा मारा आणि लगेच ऑईलचा हात फिरवा. ब्लॉक प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत बांधून ठेवा. आणि जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. सुटे भाग अमुक दुकानात अडकले आणि इंजिन पावसाळाभर उघडं राहिलं, ही गोष्ट मी इतक्यांच्या तोंडून ऐकली आहे की ती आता अपघात वाटत नाही.

आता मोजणी. जी१०बीच्या मेन बेअरिंगमध्ये क्रँक आणि बेअरिंग यांच्यात २० ते ४० मायक्रॉन जागा हवी. ६० च्या वर गेली की बेअरिंग बाद. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे पास-नापासाचा सगळा खेळ केसाच्या जाडीच्या आत चालतो. हा खेळ बोटाने चाचपून खेळता येत नाही, कितीही अनुभवी मिस्त्री असला तरी.

सुझुकीने इथे एक सुंदर व्यवस्था करून ठेवली आहे. क्रँकच्या वेबवर आकडे ठोकलेले असतात, ते जर्नलचं माप सांगतात. ब्लॉकच्या खालच्या, ऑईल संप बसतो त्या कडेला अक्षरं ठोकलेली असतात, ती बेअरिंगच्या घराचं माप सांगतात. मॅन्युअलमधल्या तक्त्यात आकडा आणि अक्षर जुळवलं की त्या जर्नलला कोणत्या जाडीचं बेअरिंग ते कळतं. स्टँडर्ड बेअरिंगच पाच जाड्यांची: हिरव्या रंगाची, काळ्या, बिनरंगाची, पिवळ्या आणि निळ्या. रंगाचा ठिपका बेअरिंगच्या कडेला असतो. माझ्या इंजिनातून निघालेली पाचही जर्नलची बेअरिंगं एकाच रंगाची होती. दुकानातून ‘एक सेट झेन’ मागितला, मिळाला, बसवला. पूड नसती तरी त्यातलं एखादं बेअरिंग लवकर बोंबललं असतं.

माझे मेन जर्नल नुसत्या पॉलिशवर निभावले. बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉड बसतात तिथले, मात्र ग्राइंड करून पाव मिलिमीटर अंडरसाइझ करावे लागले. ग्राइंडिंगला देताना दोन गोष्टी कागदावर लिहून द्या: जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवा, आणि ऑईलच्या भोकाची धार मोडा. कोपरा काटकोनी झाला तर क्रँक तिथूनच चिरतो. क्रँकमधल्या ऑईलच्या भोकांतही ग्राइंडिंगची पूड जाते, तेव्हा घंगाळ परत चुलीवर.

शेवटची खात्री प्लास्टिगेजने करा. ही मेणासारखी दिसणारी बारीक तार असते. कोरड्या जर्नलवर तुकडा ठेवायचा, कॅप टॉर्क रेंचने मापात आवळायची, परत काढायची आणि तार किती पसरली ते पाकिटावरच्या पट्टीशी ताडायचं. मधे क्रँक फिरवला की तार लिबडते आणि माप फुकट जातं. मदतीला आलेल्या माणसाला हे आधीच बजावून ठेवा. मदतीला आलेल्या माणसांना क्रँक फिरवून बघायची भारी हौस असते.

बोअर मोजायचा तर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा. फरक शंभर मायक्रॉनच्या पुढे गेला की नुसत्या होनिंगने भागत नाही, बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन घालावे लागतात. अशा वेळी पिस्टन आधी विकत घ्या आणि ते हातात देऊन मशीन शॉपला सांगा, या पिस्टनना बोअर करा. उलट क्रमाने केलं की पिस्टन आणि बोअरमधली २० ते ४० मायक्रॉनची जागा नशिबावर सोडल्यासारखं होतं. कामाबरोबर मापांची चिठ्ठी मागा. जो ‘चिठ्ठी कसली, करून देतो ना’ म्हणेल त्याला नमस्कार करून दुसरीकडे जा. बोईसरला यंत्रांची कामं करणारे असे मशीनवाले आहेत ज्यांना कारखान्यांमुळे माप लिहून द्यायची सवय आहे. त्यांच्याकडे मोटारीची पाटी नसेल, पण हात मापाला सरावलेला असतो.

रिंगा नव्या असल्या तरी एकेक करून बोअरमध्ये घालून फट फीलर गेजने पाहा. रिंग उलट्या पिस्टनने खाली ढकला म्हणजे ती सरळ बसते. वरच्या रिंगेवरचं अक्षर वरच आलं पाहिजे, आणि पिस्टनच्या माथ्यावरचा बाण पुलीकडे.

सुट्या भागांचा एक सापळा सांगून ठेवतो. काउंटरवर नुसतं ‘झेन’ म्हणू नका. २००६ च्या अखेरीस आलेल्या झेन एस्टिलोला वॅगन-आरचं १०६१ सीसीचं इंजिन होतं, आणि जुन्या झेनमध्येही एक डिझेल होती, तिचं इंजिन प्यूजोचं. नाव एक, इंजिनं तीन. ‘जुनी झेन, पेट्रोल, ९९३, कार्ब्युरेटर’ असं पूर्ण म्हणा आणि जुना भाग पिशवीतून काढून शेजारी ठेवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अख्खं इंजिन सुटं मिळतं आणि मोहही होतो. पण ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, तो आरटीओत नोंदवावा लागतो, आणि बिनकागदाचं इंजिन नोंदवणार कसं? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी पासिंगला न्यायचीच असते. एप्रिल २०२२ ला त्याची फी ६०० वरून ५,००० झाली होती, शिवाय पर्यावरण कर. ‘व्हिंटेज’ म्हणून सवलत मागायला गाडी पन्नास वर्षांची हवी, झेनला अजून बराच अवकाश आहे. म्हणून आपला ब्लॉक शक्यतो सोडू नका.

ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये आटे नाजूक. बोल्ट आधी हाताने चार-पाच फेरे जाईल तेव्हाच पाना लावा. हेडच्या बोल्टची भोकं हवा मारून कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑईल साचलेलं असलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला वाट नसते आणि ब्लॉक तडकतो. हेड मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळायचं. टायमिंगचा पट्टा, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप आणि सगळे सील नवेच. इथे काटकसर करणाऱ्याला इंजिन परत उतरवावं लागतं.

पहिल्यांदा चालू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, ऑईलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. मग प्लग लावा. सुरू झालं की आयडलिंगला घुमवत ठेवू नका, दीड-दोन हजारावर धरा, पाण्याकडे आणि दिव्याकडे लक्ष ठेवा, आणि लवकरात लवकर रस्त्यावर काढा. रिंगा लोडवर बसतात, अंगणात उभ्या गाडीत बसत नाहीत. साधं मिनरल ऑईल घाला, महागडं सिंथेटिक नंतर. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने हायवेला नेऊ नका. पालघर-बोईसर रस्त्यावरच्या ट्रक, रिक्षा आणि खड्डे यांच्यामुळे हे पथ्य आपोआप पाळलं जातं.

तीनशे-चारशे किलोमीटरला पहिलं ऑईल काढा आणि फिल्टर कापून उघडा. कागदाच्या घड्या उन्हात पसरून पाहा. थोडी काळी भुकटी चालते, बिडाचे बारीक कण लोहचुंबकाला चिकटतात तेही चालतात. पण चुंबकाला न चिकटणारी करडी किंवा तांबूस चमक दिसली तर ती बेअरिंगची आहे. तेव्हा ‘नवं ऑईल घालून बघू’ म्हणत गाडी काढू नका. संप खोला, बिग एंडची एक कॅप उतरवा आणि बेअरिंग उन्हात तिरकं धरा.