दूध पुरतंय का?

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डमध्ये एकच प्रश्न रोज फिरून येतो. परवा तो एका नव्या बापानं विचारला, तेव्हा त्याच्या हातातल्या पिशवीत पावडरचा डबा होता.

"सिस्टर, दूध पुरतंय का हो? नुसतं थेंब थेंब येतंय. पिवळं, चिकट."

"दादा, तुमचा दुधाचा धंदा ना? वासरू झालं की आधी काय करता?"

"चीक पाजतो. त्यात हयगय केली तर वासरू टिकत नाही." एवढं बोलून तो थांबला. गडी चौकस होता. "माणसाचं पण तसंच असतं?"

"अगदी तसंच नाही. वासराला गाईच्या पोटात असताना रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळपास मिळतच नाहीत, त्याची सगळी भिस्त चिकावर. आपल्या बाळाला काही वारेतून आधीच मिळतात. आईच्या चिकातली आणखी वेगळी. ती आतड्याच्या अस्तरावर ठाण मांडून जंतूंना तिथंच अडवतात. म्हणून जन्मल्यावर तासाभरात छातीशी धरायचं. आणि पहिल्या दिवशी बाळ एका वेळी चमचा-दीड चमचाच घेतं."

"मग रडतंय कशाला?" आजींनी मध्येच विचारलं.

"आजी, रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ मुठी चोखतं, जीभ काढतं, मान वळवून शोधतं. तेव्हाच पाजायचं, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा." सिस्टर पलंगाशी गेल्या. बाळ नुसतं स्तनाग्र धरून चोखत होतं आणि आई कळ सोसत होती. सिस्टरनी करंगळीनं अलगद पकड सोडवली, बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत वाट पाहिली आणि मग चटकन जवळ घेतलं. हनुवटी छातीला टेकली, काळा भाग बराचसा तोंडात गेला. थोड्या वेळानं गिळल्याचा हलका आवाज आला.

"पण मापायचं कसं?" बापाचा हिशोब सुटत नव्हता.

"लंगोट मोजायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत आणि शी पिवळी दिसायला हवी. सुरुवातीला वजन उतरतं, तीन किलोच्या बाळाचं दोनशे-अडीचशे ग्रॅमसुद्धा. घाबरू नका. दहा टक्क्यांच्या वर उतरलं, किंवा दोन आठवड्यांत भरून आलं नाही, तर लगेच आणून दाखवा."

वजनाची ही घट आधी कोणी सांगत नाही आणि घरोघरी डबे फुटतात ते इथंच. वरचं दूध पोटात गेलं की बाळ कमी चोखतं. कमी चोखलं की आईला दूध कमी येतं. मग 'बघा, पुरत नव्हतंच' म्हणायला सगळे मोकळे. सिस्टरनी डबा फिरवून दाखवला. आईचं दूधच उत्तम, असं त्यावरच छापलेलं होतं. १९९२च्या कायद्यानं ते सक्तीचं आहे. डब्यावर बाळाचं चित्र छापायला आणि अशा पावडरची जाहिरात करायलाही बंदी आहे.

आजींनी पदराआडची मधाची बाटली पुढे केली. "हे तरी?"

"वर्षभर नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात रुजले तर स्नायू लुळे पडतात. गुटी नको, पाणीही नको, अगदी मे महिन्यातसुद्धा. आईच्या दुधात ८७ टक्के पाणीच असतं. सहा महिने तेवढंच."

"आणि खरंच नसलं तर?"

"काही वेळा नसतं. शिवाय दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांना बऱ्याचदा चोखता येत नाही. मग आईचं दूध काढून वाटी-चमच्यानं, नाहीतर बोंडल्यानं पाजायचं. तेही नसलं तर दूधपेढी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली, आशियातली पहिली. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात."

के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन जन्मताच देऊन झालं होतं. डी जीवनसत्त्व दुधात फार कमी उतरतं, म्हणून सिस्टरनी त्याचे थेंब लिहून घ्यायला सांगितले: रोज ४०० युनिट. बापानं चिठ्ठी खिशात घातली. आजींना मात्र आईच्या पथ्याचं विचारायचं होतं.

"तिला पाणी तोडू नका. रोजच्यापेक्षा सहाशे कॅलरी जास्त लागतात. भाकरी, डाळ, पालेभाजी पोटभर द्या. अळिवाची खीर हवी तर करा, पण तेवढ्यावर ठेवू नका."

"आणि डबा?"

"दुकानदार परत घेतो का बघा."