ज्वारीची किराळ

पावसाने ताण दिला की आपल्या जालना जिल्ह्यात चाऱ्याची ओढ लागते, आणि भुकेले गुरू कोवळ्या ज्वारीत शिरून घटकाभरात तडफडू लागते. यास किराळ लागणे म्हणतात. कित्येक जण यात दृष्टीचा दोष मानितात. परंतु खरे कारण पानातच आहे, हे आम्ही वाचकांस सांगू इच्छितो.

कोवळ्या ज्वारीत धुरीन नामक द्रव्य असते. डन्स्टन व हेन्री यांनी १९०२ साली ते शोधिले. पान अखंड असता ते निरुपद्रवी राहते. कारण त्याचे विघटन करणारे द्रव्य निराळ्या पेशींत कोंडलेले असते. अळीने वा गुराने पान चावताच दोन्ही एकत्र येऊन प्रुसिक आम्ल हे विष सुटते. हे रोपाचे स्वसंरक्षणाचे शस्त्रच होय. या विषामुळे शरीरास रक्तातील प्राणवायू वापरता येत नाही. म्हणून रक्त लालभडक असूनही जनावर गुदमरते.

तेव्हा कोवळी, ताण पडलेली अथवा कापणीनंतर पुन्हा फुटलेली ज्वारी चारू नये. फुलोऱ्यानंतर विष घटते. त्यानंतरच कापून, नीट वाळवून घालावी. लक्षणे दिसताच पशुवैद्यास बोलवावे. सोडियम थायोसल्फेट वेळीच टोचल्यास जनावर वाचू शकते.