दूरचे पाहणारा नायक

ज्या गावाने समुद्र कधी पाहिला नाही, त्या गावाचेही समुद्राशी नाते असते. ते कसे, ते पाहू या.

जेम्स स्टॅव्रिडिस हे अमेरिकेचे निवृत्त अॅडमिरल. आरमार म्हणजे लढाऊ जहाजांचा ताफा. अॅडमिरल म्हणजे आरमारातला फार मोठा अधिकारी. स्टॅव्रिडिस २०१३ साली निवृत्त झाले. पण ते स्वस्थ बसले नाहीत. पाहिलेले, शिकलेले त्यांनी पुस्तकांत लिहिले.

२०१७ साली त्यांचे 'सी पॉवर' हे पुस्तक निघाले. म्हणजे समुद्राचे सामर्थ्य. त्यात जगातल्या महासागरांची हकिगत आहे. समुद्र हा देशांना जोडणारा मोठा रस्ताच आहे. या रस्त्यावरही खिंडी असतात. इराण आणि ओमान यांच्यामध्ये होर्मुझची खिंड आहे. अगदी अरुंद जागी ती सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. आखातातून जहाजाला बाहेर पडायला दुसरी वाट नाही. ही वाट अडली, की तेल महागते. मग आपल्या ट्रॅक्टरच्या डिझेललाही झळ लागते. म्हणून देशाच्या नायकाला दूरचे पाहावे लागते.

असा नायक कसा असतो? २०१९ साली स्टॅव्रिडिस यांनी दहा अॅडमिरलांवर एक पुस्तक लिहिले. त्यात पहिला आहे ग्रीस देशातला थेमिस्टोक्लीज. त्याची गोष्ट सुमारे २५०० वर्षांपूर्वीची.

अथेन्स शहराजवळच्या खाणीत पुष्कळ चांदी सापडली. लोक म्हणाले, "वाटून टाका." थेमिस्टोक्लीज म्हणाला, "वाटू नका. जहाजे बांधा." इराणचा बलाढ्य राजा चालून येईल, हे त्याने ओळखले होते. पण दूरचे संकट लोकांना दिसेना. तेव्हा त्याने जवळचे दाखवले. शेजारच्या एजिना बेटाशी वैर होतेच. ते कारण लोकांना पटले. जहाजे झाली.

इसवी सनापूर्वी ४८० साली इराणचा राजा खरोखरच आला. त्याने अथेन्स जाळले. पण लोक आधीच जहाजांत बसून निघून गेले होते. घरे गेली, माणसे वाचली. पुढे सलामिसच्या चिंचोळ्या समुद्रात लढाई झाली. शत्रूची जहाजे जास्त होती. त्यांची तिथे दाटी झाली, अन् ती हरली.

पण पुढे थेमिस्टोक्लीजला गर्व चढला, असे जुने ग्रंथकार सांगतात. त्याच्याच शहराने त्याला हद्दपार केले. नायकाला नजर हवी, तशी नम्रताही हवी.

गावाच्या हाती चार पैसे आले, की हाच प्रश्न उभा राहतो. वाटून खायचे, की सगळ्यांच्या कामाचे काही उभारायचे? वाटलेला पैसा चार दिवसांत संपतो. बांधलेला बंधारा मुलाबाळांना पाणी देतो. दूरचे पाहायला समुद्रच लागतो असे नाही.

प्रश्न
१. होर्मुझची वाट अडली, तर तुमच्या घरी काय महाग होईल?
२. थेमिस्टोक्लीजने लोकांना कसे पटवले?
३. तुमच्या गावाला पैसे मिळाले, तर काय करावे? चार ओळी लिहा.