जोडीदार पंच गांगरतो तेव्हा

शालेय आणि जिल्हा पातळीवरचे बास्केटबॉलचे बहुतेक सामने आजही दोनच पंच चालवतात. एक बेसलाइनवर, दुसरा मागे. त्यातला एक गांगरला की शिट्टी उशिरा येते, हात अर्धवट वर जातो आणि दोन्ही बाकांना ते लगेच कळतं. अशा वेळी दुसऱ्याने काय करावं, याबद्दल मला अनुभवाने पटलेल्या या गोष्टी.

१. त्याच्या भागातल्या शिट्ट्या तुम्ही मारू नका. हे सगळ्यात अवघड, कारण समोर दिसत असतं आणि हात शिवशिवतात. पण दोनदा असं झालं की खेळाडू त्याला मोजेनासे होतात आणि उरलेला सामना तुम्हाला एकट्याला ओढावा लागतो. अपवाद एकच : कुणाला इजा होईल असा धसमुसळेपणा. तिथे ज्याला दिसेल त्याने शिट्टी मारावी.

२. मत वेगळं, नियम वेगळा. धक्का लागला की नाही हे त्याचं मत. फिबाच्या नियमांप्रमाणे जोडीदाराच्या अधिकारातला निर्णय आपल्याला फिरवता येत नाही, आणि तो पटला नसला तरी चेहऱ्यावर दिसता कामा नये. नियमच चुकत असेल तर मात्र गप्प बसू नका. समजा, बचाव करणाऱ्या संघाचा त्या क्वार्टरमधला पाचवा फाउल झालाय. दोन फ्री थ्रो द्यायला हवेत, आणि हा गोंधळून बाजूने चेंडू आत टाकायला देतोय. लांबून ओरडू नका, हातवारे नकोत. खेळ सुरू होण्याआधी शिट्टी देऊन थांबवा, चालत त्याच्याजवळ जा, बाकांकडे पाठ करून हळूच सांगा, "पाचवा आहे, दोन दे." आणि मागे सरा. दोन बोटांची खूण त्यालाच करू द्या. चूक सुधारलेली लोकांना दिसते, आणि ती त्यानेच सुधारलेली दिसते.

३. ओरडणारा कोच तुम्ही अंगावर घ्या. फाउलनंतर पंच जागा बदलतात, तेव्हा जमलं तर त्या बाकाजवळची बाजू तुमच्याकडे घ्या. "सर, विचारायचं ते मला विचारा, त्याच्यावर ओरडू नका," एवढं पुरतं. "तो कॉल माझा नव्हता" हे वाक्य कधीही तोंडातून जाऊ देऊ नका. त्याने जोडीदार उघडा पडतो. इशारा देऊनही कोच थांबला नाही, तर टेक्निकल तुम्ही द्या.

४. घाई मोडा. शिट्टी वाजली की घड्याळ थांबलेलं असतं. चेंडू तुमच्या हातात असेल तर जोडीदाराशी नजरानजर होईपर्यंत तो खेळाडूला देऊ नका.

५. क्वार्टरच्या मधल्या दोन मिनिटांत एकच गोष्ट सांगा. नवे पंच बहुधा ट्रॅव्हलिंगवर अडखळतात. २०१७ मध्ये फिबाने तो नियम बदलला, पण बाकावरचे काही लोक अजून जुन्याच हिशेबाने आरडाओरडा करतात. अशा वेळी मी म्हणतो, "चेंडू नको, पाय बघ. धावताना चेंडू हातात आला तेव्हा टेकलेलं पाऊल सोड, पुढची दोन मोज." बाकी सगळं नंतर.

६. सामन्यानंतर आयोजकांसमोर चर्चा नको. मैदानातून दोघं बरोबरच बाहेर पडा, आणि आधी त्याला बोलू द्या.

नेमणुका करणाऱ्यांना एक विनंती : दोन नवख्यांची जोडी लावू नका. प्रत्येक नव्या पंचाला पहिल्या हंगामात एक जाणता जोडीदार द्या.